काळं, जड, तळाला साल. म्हणून ते जुनं?

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांमध्ये प्यूटरबद्दल, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूच्या भांड्यांबद्दल, एक सल्ला फिरतोय: ‘फ्रेंच प्यूटर ओळखणं सोपं. भांडं काळं हवं, हाताला जड हवं, नक्षी दाट हवी आणि तळाला साल ठोकलेलं हवं. चारही जुळलं की डोळे मिटून घ्या, माल फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाच्या काळातला.’ डोळे मिटल्याशिवाय तो माल कुणी घेणारही नाही.

आधी सालाचं बघू, कारण लोक सर्वांत जास्त तिथेच फसतात. 1691 च्या राजाज्ञेनंतर फ्रान्समध्ये प्यूटरवर प्रतीचे ठसे आले: उंची मालाला मुकुटाखाली ‘एफ’, साध्याला ‘सी’. ठशातलं साल बहुतेक वेळा नियम लागू झाल्याचं, नाहीतर कारागिराने आपला ठसा नोंदवल्याचं असतं. तोच ठसा पुढे वर्षानुवर्षं चाले. म्हणजे ते साल भांड्याचं नव्हे, ठशाचं. शिवाय विसाव्या शतकात हौसेने केलेल्या नकलांवरही जुन्या धाटणीचे ठसे आहेत. शेजारी ‘95%’ असं कथलाचं प्रमाण कोरलेलं दिसलं तर तो आधुनिक माल समजावा. आणि मापाच्या भांड्यावर ‘लीटर’ लिहिलेलं असेल तर वादच संपला. हे माप फ्रेंच कायद्यात आलं 1795 मध्ये, आणि चौदावा लुई गेला 1715 मध्ये.

काळेपणाचं म्हणाल तर प्यूटर मुळात कथलाचं, म्हणजे आपल्याकडे कल्हईला लागतं त्याच धातूचं. त्यात शिसं जास्त असेल तर ते लवकर काळवंडतं, आणि रसायन लावून एका दिवसातही काळं करता येतं. बिदरी काम आठवा. त्यातलं जस्त तर नवीन असतानाच मातीच्या लेपाने काळंभोर करतात. त्याला कुणी पुरातन म्हणत नाही.

वजनाबद्दल एवढंच: शिसं कथलापेक्षा बरंच जड. जड भांडं म्हणजे शिसं जास्त असल्याची शंका. कागदावर घासून राखाडी रेघ उठली तर त्यात दूध-ताक ठेवू नका, शोभेला ठेवा.

आता नक्षी. प्यूटरच्या नक्षीकामात फ्रांस्वा ब्रिओचं नाव सगळ्यांत वर. सोळाव्या शतकाच्या अखेरीचं त्याचं ‘संयम’ नावाचं तबक मधोमध संयमदेवी आणि भोवती चार महाभूतं मिरवतं. पण हे काम साच्यात ओतलेलं, त्यामुळे नकला पहिल्यापासूनच झाल्या. न्युरेंबर्गच्या कास्पार एंडरलाइनने ब्रिओच्या घडणीवरून स्वतःचं तबक केलं. दरवर्षी विम्बल्डनची महिला विजेती जी थाळी उंचावते, तीही याच घडणीची, 1864 मध्ये बर्मिंगहॅमला विजेच्या मुलाम्याच्या तंत्राने केलेली चांदीची प्रत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यूल ब्रातोसारख्या कलाकारांनी तर दाट नक्षीचं प्यूटर नव्याने फॅशनमध्ये आणलं. म्हणून नक्षीची दाटी मोजून शतक कळत नाही.

त्यापेक्षा भिंग घेऊन झीज बघा. वापराने झिजतो तो उंचवटा: नाक, गुडघा, कडा. खोलगट भागातल्या रेघा मात्र टवटवीत राहतात. त्याही पुसट झाल्या असतील, तर जुन्या भांड्यावरून साचा घेऊन हे ओतलंय, असा संशय धरावा.