पुढच्यास ठेच, मागचाही तिथेच

पाऊस सुरू झाला की पुण्यातल्या कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक बुलेट धुतली जाते आणि तिच्या मालकाला ताम्हिणी घाट आठवतो. तुम्हालाही आठवला असेल. एकट्याने जाणार असाल तर पुढचं वाचू नका. एकटा माणूस आपल्या वेगाने जातो, दमला की थांबतो, उजेडी घरी येतो. सांगण्यासारखं काही घडतच नाही त्यात. पण बारा गाड्यांचा ताफा घेऊन निघायचं असेल, तर माझ्याकडे चार अनुभवाचे बोल आहेत. अशा प्रत्येक राईडला मी शेवटचा असतो. 125 सीसीवाल्याला वरची जागा देणार कोण? त्यामुळे पुढच्या अकरा जणांचं मला सगळं दिसतं.

सुरुवात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपने करा. नावात ‘मावळे’, ‘भटके’ नाहीतर ‘वादळ’ हवंच. मग तीन आठवडे टी-शर्टच्या रंगावर खल करा (आमचा पोपटी ठरला, ज्याने सुचवला तो आयत्या वेळी आलाच नाही). पेट्रोल कुठे भरायचं, पुढे कोण, मागे कोण, कुणाचा रक्तगट काय, काही झालं तर घरच्या कुणाला फोन करायचा, असले अभद्र विषय कुणी काढलेच तर ‘अरे, फिरायला चाललोय, लढाईला नाही’ असं म्हणून त्याला गप्प करा. ग्रुपच्या नावात मावळे आहेत, हे तेवढ्यापुरतं विसरायचं.

पहाटे साडेपाच, चांदणी चौक. म्हणजे सात. वाया गेलेला दीड तास घाटात भरून काढायचा, हे वेगळं सांगायला नको.

निघण्याआधी सूचना देण्याची एक पद्धत आहे. जरूर द्या, फक्त सगळ्यांची इंजिनं चालू असताना द्या. हातापायाच्या खुणाही शिकवा. खड्डा आला की त्या बाजूचा पाय खाली सोडून मागच्याला दाखवायचा, अशी एक खूण आहे. ज्या देशात ती निघाली तिथे खड्डा अधूनमधून येत असावा. आपल्याकडे पौडपर्यंत इमानदारीने ती पाळली तर पाय वर घ्यायला सवड मिळत नाही.

आता रांग. जाणकार सांगतात की सरळ रस्त्यावर नागमोडी रांग धरावी. पुढारी आपल्या लेनच्या उजव्या अंगाला, दुसरा डाव्या, तिसरा पुन्हा उजव्या. तिरक्या पुढच्यापासून एक सेकंदाचं अंतर, नाकासमोरच्यापासून दोन सेकंदांचं. ताशी 60 ला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे दोन सेकंदांत तेहेतीस. एवढी जागा मोकळी सोडलीत तर तिच्यात एक टेम्पो, दोन अ‍ॅक्टिव्हा आणि भाजीची एक पाटी सहज शिरते. तेव्हा शेजारी-शेजारी चालवा. त्याने गप्पा होतात, आणि समोरून एसटी आली की कोण कुठे सरकतो हे बघायला मजा येते.

ताफा एकसंधच ठेवा. पाच-सहा जणांच्या दोन तुकड्या करा म्हणणारे लोक घाबरट असतात. बारा गाड्यांची शिस्तशीर रांग जवळपास 180 मीटर लांब होते, मागच्या कारवाल्याला एका दमात ती ओलांडता येत नाही आणि तो मधेच कुठेतरी घुसतो, हे खरं आहे. पण ड्रोनमधून ती रांग काय दिसते!

सगळ्यात कच्चा भिडू शेवटी ठेवा. पुस्तकी मंडळी त्याला पुढाऱ्याच्या पाठीशी, दुसऱ्या जागेवर ठेवतात आणि सगळ्यांचा वेग त्याच्यावरून ठरवतात. त्यात फोटो चांगले येत नाहीत. त्याला शेवटी ठेवलं की काय होतं, ते मला पाठ आहे. मुळशीच्या अलीकडे पुढाऱ्याला बंद पडलेला ट्रक आडवा येतो. तो त्याला मागे टाकून पुन्हा 60 धरतो. दुसऱ्याला समोरचा रस्ता मोकळा मिळेपर्यंत पाच सेकंद जातात, तिसऱ्याची आणखी पाच. माझी पाळी येईपर्यंत एक मिनिट झालेलं असतं आणि पुढारी एक किलोमीटर गेलेला असतो. ते किलोमीटर तीन मिनिटांत भरून काढायचं तर मला 80 ने जावं लागतं. म्हणजे ज्याला सगळ्यात कमी येतं, ज्याची गाडी सगळ्यात लहान, तोच सगळ्यात जोरात जातो. पुढच्याला याचा पत्ताच नसतो. चहाच्या टपरीवर तो निरागसपणे सांगतो, ‘आपण आज काय निवांत आलो ना!’ आणि मी टपरीपाशी पोचून हेल्मेट काढतोय तोवर तो चहाचा ग्लास ठेवून ‘चला, निघू या’ म्हणतो. विश्रांती ही पुढे असणाऱ्यांनी घ्यायची गोष्ट आहे.

हेल्मेट मात्र सगळ्यांनी आणा, त्याबाबतीत कायदा कडक आहे. हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन गोठू शकतं. पट्टा लावावा की नाही याबद्दल ग्रुपमध्ये दोन पंथ आहेत. न लावणाऱ्यांचं म्हणणं, मान अवघडते. त्यांचं हेल्मेट त्यांच्या आधी रस्त्यावर पोचेल, एवढाच फरक.

घाट लागला की डोकं पूर्ण बंद करा आणि नजर पुढच्याच्या लाल दिव्यावर खिळवा. दुचाकीचा स्वभाव असा की तुम्ही जिकडे बघाल तिकडे ती जाते. वळणात वळणाच्या शेवटाकडे बघावं, म्हणजे ती तिकडे निघते. दरीकडे बघितलंत तर दरीकडे. पुढच्याच्या दिव्याकडे बघितलंत तर तो जिथे चुकेल, बरोबर तिथे तुम्हीही चुकाल. पुढच्यास ठेच लागली की मागचा शहाणा होतो, ही म्हण पायी चालणाऱ्यांच्या काळातली. दोन गाड्यांत आठ फूट अंतर असलं की शहाणं व्हायला वेळच मिळत नाही.

पुढच्या ब्रेकला हात लावू नका, गाडी पलटी होते, हे आपल्या प्रत्येकाला कुणीतरी काकांनी सांगितलेलं असतंच. गाडी थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं, ब्रेक दोन्ही आणि हळूहळू दाबायचे असतात, ही माहिती काकांपर्यंत अजून आलेली नाही. टायर रस्त्याला टेकतो तो तळहाताएवढा. त्या तळहाताखाली पहिल्या पावसाने वर काढलेलं ऑइल, कडेचं शेवाळ आणि मधला गुळगुळीत पांढरा पट्टा. काका म्हणाले म्हणजे झालं.

गेल्या वर्षीचंच सांगतो. घाटातलं एक डावं वळण, धुकं असं की पंधरा फुटांपलीकडे नुसता आवाज. वळणाच्या ऐन पोटात कडेला धबधबा आला आणि पुढाऱ्याला तो आवडला. आवडला म्हणून तो थांबला. इंडिकेटर नाही, हात नाही, कडेला घेणं नाही. दुसरा थांबला, तिसरा त्याच्या उजवीकडून कसाबसा निसटला, चौथ्याने काकांचं स्मरण करून नुसता मागचा ब्रेक दाबला. मागचं चाक शांतपणे उजवीकडे गेलं, जसं काही त्याला दुसरीकडे काम होतं, आणि बुलेट क्रॅश गार्डवर पंधरा फूट घसरत गेली. आवाज फार मोठा नाही. पत्र्याच्या शेडवरून पाटा ओढावा, तसा. मी पोचलो तेव्हा पाच-सहा जण गाडी उचलत होते, दोघं टाकीवरचा चरा रुमालाने पुसत होते. मालक धबधब्याच्या पाण्यात मांडी घालून बसला होता. जीन्स गुडघ्याला फाटलेली, आत मांस पांढरट दिसत होतं, रक्त यायला नुकती सुरुवात झाली होती. ‘क्लच लिव्हर वाकली का रे?’ हा त्याचा पहिला प्रश्न. प्रथमोपचाराची पेटी कुणाकडेच नव्हती. पोपटी टी-शर्ट मात्र प्रत्येकाकडे एकेक जादा होता, त्यातला एक गुडघ्याला बांधला. फोनला रेंज नव्हती. धुक्यातून एक डंपर सरळ आमच्या अंगावर येऊन, कर्कश हॉर्न मारत, वीतभर अंतर ठेवून निघून गेला तेव्हा कुठे कुणाला सुचलं की आपण अजून वळणातच उभे आहोत. मग सगळ्यांनी धबधब्यासोबत फोटो काढून घेतला, कारण आता थांबलोच होतो.

जखमीला गाडी चालवू द्या. ‘मर्द आहेस’ म्हणा. तो चालवतो.

शेवटचं म्हणजे वळणावरचे फाटे. मागचा आरशात दिसल्याशिवाय फाट्यावरून हलायचं नाही, एवढा एक नियम सगळ्यांनी पाळला तर कुणीही हरवत नाही, पुढाऱ्याला मागे वळून बघावं लागत नाही आणि शेवटच्याला 80 ने पळावं लागत नाही. इतका सोपा आणि फुकटचा नियम पाळण्यात कसला आलाय थरार? तेव्हा पाळू नका.

निजामपूर सोडून मी माणगावला मुंबई-गोवा हायवेपाशी पोचलो, तर समोर कुणीही नव्हतं. डावीकडे महाड, उजवीकडे मुंबई. पुढाऱ्याला फोन लावला. त्याचा फोन हँडलला बांधलेला, त्यावर नकाशा चालू, रिंग वाजत राहिली. ग्रुपवर बघितलं तर धबधब्याच्या फोटोखाली अठ्ठावीस अंगठे.

कोपऱ्यावर एक चहाची टपरी होती. टपरीवाल्या काकांना विचारलं, ‘काका, आत्ता इथून बुलेटवाले गेले का? दहा-अकरा जण?’

‘ते पोपटी? गेले की. दहा मिनिटं झाली.’

‘कुठल्या बाजूला?’

‘दोन्ही,’ काका म्हणाले. ‘पाच-सहा इकडे, बाकीचे तिकडे. एकाच्या पायाला फडकं होतं. तुम्ही त्यांच्यातलेच का?’

मी रेनकोटची चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

‘नाही,’ म्हटलं, ‘मी एकटाच आहे. एक चहा द्या.’