बीडच्या रेल्वेत खिडकी कुणाची?

बीडच्या माणसाला रेल्वेवरून कुणी चिडवलं नाही असं होतच नाही. पुण्यात हॉस्टेलला होतो तेव्हा लातूरवाला चिडवायचा, परभणीवाला चिडवायचा, आणि नांदेडवाला तर स्टेशन आपल्या बापानं बांधलंय अशा थाटात "तुमच्याकडं अजून एसटीच का?" विचारायचा. आम्ही म्हणायचो, मंजूर झालीये. 1995 ला मंजूर झालेली नगर-बीड-परळी लाइन आम्ही तीस वर्षं "मंजूर झालीये" म्हणून सांगत होतो. दर निवडणुकीला शिट्टी वाजायची, निकाल लागला की डबे गायब. काम मंजूर झालं तेव्हा खर्च होता साडेतीनशे कोटींच्या आसपास, तो होता होता 4,800 कोटींच्या घरात गेला. यात माझा काहीच फायदा नाही तरी ऐकताना उगाच आपण मोठी पार्टी असल्यासारखं वाटतं.

तर 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनाच्या मुहूर्तावर, अहिल्यानगरहून बीडला एकदाची गाडी सुरू झाली. त्यानंतर गावी जायचं निघालं तेव्हा म्हटलं जायचं तर रेल्वेनंच. बायको म्हणाली पुण्याहून थेट एसटी आहे, ती बसल्या जागी बीडला सोडते. मी म्हटलं भावनेचा प्रश्न आहे. भावनेसाठी आदल्या दिवशी नगरला मावशीकडं मुक्काम, पहाटे पाचचा गजर, आणि साडेसहाला प्लॅटफॉर्मवर. डेमू गाडी, डबे बऱ्यापैकी रिकामे. डाव्या बाजूची खिडकी पकडली, चपला काढल्या, पाय समोरच्या सीटवर. तीस वर्षांचं व्याज वसूल करायला बसलो म्हणा ना.

नारायणडोह गेलं, सोलापूरवाडी, कडा गेलं. मग न्यू आष्टी. आता जुनं आष्टी स्टेशन आमच्या जिल्ह्यात कधी होतं ते मला कुणीतरी दाखवावं, पण असो. इथपर्यंत गाडी 2022 पासूनच यायची, आणि त्या तीन वर्षांत बीडच्या माणसाला सांगितलं जायचं की बघा आली की तुमच्या जिल्ह्यात रेल्वे. जिल्ह्यात आली, आमच्यापर्यंत कुठं आली?

आष्टीला एक आबा चढले. धोतर, पांढरी टोपी, हातात दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. अख्खा डबा रिकामा, आणि हे थेट माझ्यासमोर येऊन उभे.

"उठा पाव्हणं."

मी म्हटलं, आबा, इतकी जागा आहे की.

"माझं वावर येऊ लागलंय."

मला वाटलं उतरायचंय, म्हणून पाय खाली घेतले. तर आबा माझ्या जागेवर बसले सुद्धा! मांडी घालून. आणि पिशवीतून कागद काढायला लागले. सातबारा, भूसंपादनाची नोटीस, मावेज्याच्या म्हणजे भरपाईच्या चेकची झेरॉक्स, आणि सगळ्यात वर आजच्या प्रवासाचं तिकीट, ते पण घडी करून आत.

"सव्वीस गुंठे गेले माझे हिच्यात. तुमचं काय गेलं?"

मी म्हटलं काही नाही.

"मंग?"

या "मंग"ला माझ्याकडं उत्तर नव्हतं. उभ्या जन्मात मी रेल्वेला तिकिटापलीकडं काही दिलेलं नाही. तरी पण सांगतो, मला राग आलेला, अजूनही आहे, कारण पहाटे पाचला मी उठलो होतो, आबा आरामात आष्टीला चढले. मी आतल्या बाजूला सरकलो आणि आता मला खिडकीतून दिसत होता फक्त आबांचा कान.

मग आबांनी मुलाखत सुरू केली. कुठलं गाव, कुठली आळी, वडील काय करायचे. पुण्यात गुंठा कितीला? मी माझ्या भागातला आकडा सांगितला. आबा गप्प. मग म्हणाले, परत सांगा. परत सांगितला. मग त्यांनी पलीकडच्या माणसाला तो आकडा सांगितला, त्यानं डबल केला, आणि अर्ध्या डब्याला मी पुण्यातला बिल्डर वाटायला लागलो. एकानं तर पोराच्या नोकरीचं विचारलं. चहावाला नाही, भेळवाला नाही, करमणूक म्हणून मी एकटाच.

मधेच आबांनी विचारलं, ती पेटलेली गाडी हीच का? 2023 मध्ये याच लाइनीवर आष्टी-नगर गाडीचे डबे जळाले होते, सुदैवानं कुणाला काही झालं नाही. मी म्हटलं ही नसावी. आबा म्हणाले, "असली तरी काय, बसायचंच की."

आणि गमतीगमतीत आबांनी एक गोष्ट सांगितली ती मात्र मला हसत ऐकता आली नाही. विहीर रुळाच्या अलीकडं, ज्वारी पलीकडं. आधी इंजिन चालू केलं की पाणी जायचं. आता रुळाखालून पाइप न्यायचा तर रेल्वेची परवानगी पाहिजे, अर्ज, नकाशा, फी. बैल पलीकडं न्यायचे तर लांबच्या भुयारी पुलातून, आणि पावसाळ्यात त्यात कमरेएवढं पाणी. "विमान जाईल तिकडून पण बैल जात न्हाई." यावर डबा हसला, आबाही हसले. मी पण हसलो आणि नंतर वाटलं कशाला हसलो.

अंमळनेर गेलं. गाडी आपली तिच्या चालीनं. गाडी सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक साडेपाच तासांचं, अंतर साधारण 165 किलोमीटर, म्हणजे तासाला तीस. मंडपातून निघालेली वरात पण कधीकधी याहून पुढं असते. तेव्हा दिवसाला एकच फेरी, थेट पुणं नाही, थेट मुंबई नाही. 261 किलोमीटरचा मार्ग म्हणायचा आणि परळीपर्यंतचं तेव्हा राहिलेलंच, म्हणजे बीडला आलो की पुढं रस्ता बंद. आणि याला आम्ही टाळ्या वाजवायच्या. वाजवल्या पण. मी स्वतः स्टेटस ठेवलं होतं.

तर आबा मला समजावत होते की पुण्यातला एक गुंठा विकून मी आमच्याकडं किती एकर घेऊ शकतो, बोटांवर हिशोब चालू, आणि बाहेर विघनवाडीची पाटी आली. आबा थांबले. पाटीकडं बघितलं. खिडकीतून मागं वळून बघितलं.

"गेलं?"

पलीकडचा म्हणाला, कवाच.

आबा माझ्याकडं असे बघायला लागले की सव्वीस गुंठे मीच घातले घशात. "तुमच्या नादात वावर गेलं माझं." मी म्हटलं आबा मी काय केलं, तुम्हीच भाव विचारत होता. पण डबा आबांच्या बाजूनं. बिल्डर लोक असेच असतात, असं कुणीतरी मागून म्हणालं सुद्धा.

नवगण राजुरी आली तेव्हा ठरलं की आबांनी याच गाडीनं परत फिरायचं आणि जाताना वावर बघायचं. आता कुठल्या खिडकीत बसायचं? मी म्हटलं, येताना डावीकडं तर जाताना उजवीकडं. दुसरा म्हणाला डावीकडंच. वाद पेटला. शेवटी आबाच म्हणाले, "राहू द्या. मधून गेलीय गाडी, दोन्हीकडं हाय ते."

मी म्हटलं, मग मला कशाला उठवलं? पलीकडची खिडकी मोकळीच होती!

"तिकडं ऊन होतं."

बीड आलं. नवं कोरं स्टेशन, सेल्फी काढणारी पोरं, आणि गावापासून बऱ्यापैकी लांब. बाहेर रिक्षावाल्यानं रेल्वेच्या तिकिटापेक्षा जास्त भाडं सांगितलं. मी म्हटलं अरे मी नगरहून त्याहून स्वस्तात आलोय. त्यानं रिक्षा चालू करता करता वर न बघता विचारलं, "मंग एसटीनं नाही का यायचं? स्टँड गावातच आहे."