कोलांटीचा निकाल कसा लावावा

रोलर कबुतरांच्या स्पर्धेत पंच म्हणून तुम्हाला बोलावणं आलं असेल, तर आधी अभिनंदन. स्पर्धा संपेपर्यंत तुमच्याइतका जाणकार माणूस जगात दुसरा नाही. निकाल लागला की तुमच्याइतका आंधळाही नाही. ही दोन्ही मतं एकाच माणसाची असू शकतात, हे ध्यानात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बर्मिंगहॅम रोलर ही जात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम आणि त्याला लागून असलेल्या ब्लॅक कंट्री परिसरात घडली. हे कबूतर उडता उडता अचानक मागच्या मागे कोलांट्या घेत खाली येतं. चांगला पक्षी इतक्या वेगात फिरतो की सुट्या कोलांट्या दिसतच नाहीत, एक फिरता गोळा सरळ रेषेत घसरत आल्यासारखा वाटतो. मग तो सावरतो आणि वर जाऊन थव्याला मिळतो. पक्षी असं का करतो यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. माणूस त्याला गुण का देतो यावर मात्र कोणी फारसं बोलत नाही.

नियम साधे आहेत, म्हणजे कागदावर. जास्तीत जास्त वीस पक्ष्यांचा थवा, वीस मिनिटांची वेळ. निदान पाच पक्षी एकदम कोलांटले तर तो ‘ब्रेक’, आणि त्याचेच गुण. चार कोलांटले तर ती त्यांची खासगी बाब.

आता मोजायला लागा. इथे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाची आठवण काढू. काळे दाणे एका डबीच्या दिशेने टाकायचे, आत किती पडले ते एका नजरेत सांगायचं आणि मग खरे मोजून पाहायचे, असा उद्योग त्याने हजाराहून अधिक वेळा केला आणि १८७१ मध्ये तो छापला. चार दाण्यांपर्यंत त्याची एकही चूक झाली नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या. आणि रोलरच्या स्पर्धेत मोजणी सुरू होते ती बरोबर पाचापासून. जेव्हन्सचे दाणे डबीत निमूट पडून राहत, हेही विसरू नका. ते उडत नव्हते, उलटत नव्हते, आणि त्यांचा मालक शेजारी उभा राहून ‘सात होते, सात!’ असं पुटपुटतही नव्हता.

तेव्हा मोजण्याच्या भानगडीत पडू नका. ठणकावून बोला. ‘आठ!’ हा आकडा खणखणीत आवाजात उच्चारला की तो आठच होतो. ‘आठ असावेत’ म्हणालात तर मेलात.

दहाच्या आसपास मात्र सांभाळा. पाच ते नऊ पक्ष्यांना प्रत्येकी एक गुण, दहा ते चौदांना दुप्पट, पंधरा ते एकोणिसांना तिप्पट, आणि पूर्ण वीस एकदम फिरले तर पाचपट. म्हणजे नऊ पक्ष्यांचे नऊ गुण, दहांचे वीस. एकोणिसांचे सत्तावन्न, विसांचे शंभर. एका पक्ष्याने त्या क्षणी अंग काढून घेतलं की नाही, यावर त्रेचाळीस गुण अवलंबून. सगळा प्रकार दोन-तीन सेकंदांत आटोपतो आणि तेवढ्यात तुमची एकदा पापणी लवतेच. त्या पापणीचा खुलासा कोणी मागितला तर ऊन डोळ्यांवर होतं म्हणा. ऊन नसेल तर ढगांमुळे पार्श्वभूमी पांढरी झाली होती म्हणा. दोन्ही कारणं खरी असतात, हीच त्यांची सोय.

‘एकदम’ म्हणजे किती एकदम, हा प्रश्न कोणी विचारला तर त्याच्याकडे दयेने पाहा. थवा वळण घेतो, वळताना पुढचे दोघे फिरतात, त्यांच्या पाठोपाठ चौघे, मग राहिलेले. याला मंडळी धबधबा म्हणतात. तुमच्या मित्राच्या थव्यात हे दिसलं तर तो एकजीव ब्रेक. दुसऱ्या कोणाच्या थव्यात दिसलं तर विस्कळीतपणा.

मग खोली, म्हणजे पक्षी कोलांटत किती खाली आला ते. हा रोल किमान दहा फुटांचा हवा असं म्हणतात आणि ते अगदी शास्त्रीय आहे, कारण आकाशात फूटपट्टी लावलेलीच असते. ती तुम्हाला दिसत नसेल तर दोष तुमच्या चष्म्याचा. इथे भूमितीची थोडी गंमत आहे. थवा बाजूला, समोरच्या झाडांच्या वर उडत असेल तर वीस फुटांचा रोल जवळपास पूर्ण लांबीचा दिसतो. तोच थवा बरोबर डोक्यावर आला की पक्षी थेट तुमच्या नाकाच्या दिशेने खाली येतो आणि लांबी दिसतच नाही. जागच्या जागी फिरणारा ठिपका तेवढा दिसतो. शिवाय थवा कमी उंचीवर उडाला तर तोच रोल मोठा भासतो, उंच गेला तर चिमुकला. म्हणून हुशार मालक पंचाची खुर्ची कुठे ठेवायची याचा विचार पैदाशीइतकाच बारकाईने करतो. तुम्ही स्पर्धक असाल तर हे टिपून ठेवा. पंच असाल तर खुर्ची मऊ आहे की नाही तेवढं पाहा.

पण खरी मौज गुणवत्तेत आहे. फिरताना पंखांचा आकार कसा दिसतो, त्या फिरत्या गोळ्याच्या मधे भोक दिसतं का, वेग किती, रोल सरळ खाली येतो की वाकडा, सुटताना पक्षी झटक्यात सावरतो की घरंगळतो, अशा किती तरी गोष्टी यात येतात. या सगळ्यासाठी तुम्हाला एक आकडा द्यायचा आहे. एक. वीस मिनिटांत वीस पक्ष्यांनी जे काही केलं, त्यातलं उत्तम, बरं आणि रडकं, सगळं एका दशांशात बसवायचं: १.० ते २.० च्या दरम्यान. तसाच दुसरा आकडा खोलीसाठी. मग ब्रेकच्या बेरजेला दोन्हींनी गुणायचं. ज्या रोलचा दर्जा बरा असतो तोच मुळात मोजला जातो, मग दर्जाचे पैसे दुसऱ्यांदा का वसूल करायचे, असं एखादा चौकस नवशिका विचारतो. त्याला चहा द्या.

या गुणाकाराची ताकद समजून घेतलीत तर तुम्ही खरे पंच झालात. समजा, पहिल्या थव्याची बेरीज १५० आली आणि तुम्ही गुणवत्ता व खोली दोन्हींना १.२ दिलेत. झाले २१६. दुसऱ्या थव्याची बेरीज १२० च, पण त्याला १.४ आणि १.३ दिलेत. झाले २१८.४. तीस गुणांनी मागे असलेला थवा जिंकला. आता त्याच १.४ चा १.३ करा: २०२.८, हरला. एक दशांश! मोजणीत तीस गुण कमावायला पाच-पाच पक्ष्यांचे सहा ब्रेक लागतात. तुम्हाला मात्र फक्त पेन थोडं इकडचं तिकडे करावं लागतं. आणि हे सगळं दशांश चिन्हासकट वहीत उतरलं की त्याला मत म्हणायची कोणाची छाती होत नाही. २१८.४ या आकड्यातला ‘.४’ कोणी पाहिला आहे का? पण तोच तर विश्वास निर्माण करतो.

अंगात धाडस नसेल तर आणखी सुरक्षित मार्ग आहे: सगळ्यांना १.३ द्या. थवा कोणाचाही असो, १.३. सगळ्यांना एकाच आकड्याने गुणलं की क्रमवारी तसूभरही बदलत नाही, म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात काहीच केलेलं नसतं, आणि लोक तुम्हाला समतोल म्हणतात. याउलट ज्या पंचाला खरोखर डोळे आहेत, जो एकाला १.१ आणि दुसऱ्याला १.७ देतो, तो पक्षपाती ठरतो. (मला विचाराल तर त्याच्याच हाती वही द्यावी. पण मला कोणी विचारत नाही.)

वर्ल्ड कप फ्लायसारख्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत तर एकच पंच गावोगाव, देशोदेशी फिरून प्रत्येकाच्या अंगणात उभा राहतो. सगळ्यांना नजर एकच, म्हणून न्याय समान, हा त्यामागचा विचार. पहिल्या आठवड्यातला १.४ आणि शेवटच्या आठवड्यातला १.४ एकच आहे असं मानायचं, मधला विमानप्रवास, अपुरी झोप आणि यजमानांचे पाहुणचार धरायचे नाहीत. फिगर स्केटिंगवाल्यांनी २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकमध्ये जोडीच्या स्पर्धेत पंचांवरून एवढं रामायण घडवलं की दोन जोड्यांना सुवर्णपदकं द्यावी लागली आणि पुढे गुणपद्धतीच बदलली. तिथे निदान अनेक पंच होते, भांडायला वाव होता. एकच पंच असला की मतभेदाचा प्रश्नच मिटतो.

स्पर्धकांसाठीही दोन शब्द. हरण्याची कारणं थवा सोडण्यापूर्वी तयार ठेवा. पंच उशिरा आला आणि पक्ष्यांना चारायच्या दाण्याचा हिशेब चुकला, हे जुनं पण टिकाऊ कारण. वारा आहेच. ससाणा सर्वांत प्रतिष्ठित, कारण तो दिसला नाही तरी ‘पक्षी बिचकले होते’ म्हणता येतं. फक्त कारण म्हणूनच वापरा. काही अमेरिकी रोलरवाल्यांनी ससाण्यांनाच मारायला सुरुवात केली आणि २००७ मध्ये तिथल्या वन्यजीव खात्याने ‘ऑपरेशन हाय रोलर’ या नावाने त्यांना न्यायालयात उभं केलं. तिथे गुणवत्तेचा गुणक चालत नाही.

वाद अगदीच हाताबाहेर गेला तर विल्यम पेन्सम यांचं नाव घ्या. इंग्लंडहून अमेरिकेत गेलेले हे थोर रोलरपालक. ‘पेन्सम असते तर...’ एवढं म्हणून वाक्य तोडा. पेन्सम काय म्हणाले असते ते समोरचा स्वतःच्या सोयीने पूर्ण करतो आणि दोघेही आपण जिंकलो असं समजून घरी जातात.

राहिली शेवटची पायरी: निकाल सांगणं. मालकाने शाबासकीची तयारी ठेवून ‘कसे वाटले?’ असं विचारलं तर पक्ष्यांची तब्येत चांगली आहे म्हणा. आणि वही मिटण्यापूर्वी एकदा आठवून बघा, पुढच्या हंगामात पंच कोण आहे. बहुधा हेच गृहस्थ, आणि तेव्हा थवा तुमचा असेल. लिहिलेल्या १.३ मधला ३ थोडा गिचमिड आहे, दुरुस्त करून घ्या.