थ्रीडी चष्म्यातलं तथाकथित ‘रसायन’

वहिनींनी पुतणीचं थ्रीडी सिनेमाला जाणं रद्द केलं. कारण एक फॉरवर्ड: चष्म्याच्या काचेत रसायन असतं, त्यामुळे चित्र पडद्याबाहेर आल्यासारखं दिसतं आणि मुलं कायमची तिरळी होतात. ‘अनेक डॉक्टरांचा इशारा’ म्हणे. नाव एकाचंही नाही.

सिनेमा चालू असताना चष्मा काढून बघा. चित्र दुहेरी दिसेल, कारण पडद्यावर खरोखरच दोन चित्रं असतात. आपल्या डोळ्यांत साधारण सहा सेंटीमीटरचं अंतर आहे. दोघांना किंचित वेगळं दृश्य दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू कुठली वस्तू किती दूर आहे ते ताडतो. शूटिंगमध्ये हेच काम दोन कॅमेरे करतात. शेजारी ठेवून ते पुरेसे जवळ येत नाहीत, म्हणून बरेचदा मध्ये अर्धपारदर्शक आरसा तिरका लावून दुसरा कॅमेरा काटकोनात बसवतात. बहुतेक थिएटरांत दोन्ही चित्रांचा प्रकाश वेगवेगळ्या तऱ्हेने ध्रुवीकृत केलेला असतो, म्हणजे त्याच्या लहरींची कंपनं ठरावीक पद्धतीने होतील असा केलेला असतो. प्रत्येक काच आपापलं चित्र आत सोडते, दुसरं अडवते. चष्मा म्हणजे नुसती चाळणी. आता तो घालूनच एक डोळा मिटा. अंगावर येणारा भाला मुकाट पडद्यावर परततो. रसायनाने उघड्या डोळ्याला का सोडलं?

डोकं दुखतं, हे मात्र खरं. डोळे भाल्याच्या भासमान जागेकडे वळतात, पण फोकस पडद्यावरच ठेवावा लागतो. या ओढाताणीने थकवा येतो, हे ‘जर्नल ऑफ व्हिजन’मधल्या २००८च्या प्रयोगाने दाखवलं. थकवा, तिरळेपणा नव्हे. फ्रान्सच्या आरोग्य-सुरक्षा संस्थेने २०१४मध्ये सहा वर्षांखालच्या मुलांना थ्रीडी नको असं सुचवलं, तेही खबरदारी म्हणून. पुतणी दहाची आहे.

‘हे सगळं कॉम्प्युटरने फुगवलेलं असतं’ हा फॉरवर्डमधला दुसरा मुद्दा अर्धा बरोबर. बरेच सिनेमे एकाच कॅमेऱ्याने शूट करून नंतर दुसऱ्या डोळ्याचं चित्र बनवतात. मग? डोळ्यांपुढे चित्रं तरीही दोनच. आणि ‘२००९नंतरचं नवं खूळ’? व्हीटस्टन या शास्त्रज्ञाने स्टिरिओस्कोप, म्हणजे दोन डोळ्यांना दोन चित्रं दाखवणारं उपकरण, १८३८मध्ये मांडला; भारतात बनलेला पहिला थ्रीडी सिनेमा १९८४मध्ये आला.

सगळ्यात संतापजनक आहे ती फॉरवर्डची शेवटची ओळ: ‘ज्या मुलाला थ्रीडी दिसत नाही ते भाग्यवान, त्याच्या डोळ्यांनी विष नाकारलं.’ अहो, सगळ्यांना दिसतंय आणि त्यालाच दिसत नाही, तर कदाचित त्याचा एक डोळा ‘आळशी’ असेल (म्हणजे मेंदू त्या डोळ्याचं चित्र नीट वापरत नसेल) किंवा दोन्ही डोळे एकत्र काम करत नसतील. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या, आणि लवकर न्या. आळशी डोळ्यावरचे उपचार लहानपणीच जास्त लागू पडतात.