आधी छप्पर घाला म्हणणाऱ्यांसाठी

सकाळी सकाळी एका मित्राने डोकं फिरवलंय, म्हणून लिहितेय. लांबलचक आहे. वेळ नसेल तर खुशाल पुढे जा.

आमच्या दहावीच्या ग्रुपवर (निम्मे बाणेर-बालेवाडीत, निम्मे अमेरिकेत) एक रील आलं. कुठल्यातरी जिल्हा परिषदेच्या शाळेचं गळकं छप्पर, पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन बसलेली. त्याखाली या गृहस्थाने लिहिलं, "आणि यांना कम्युनिकेशन्स डायरेक्टर लागतात! आधी छप्पर घाला म्हणावं." वर मला टॅग. मग ढीगभर हसऱ्या स्मायली. उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, परत पुसलं. आता इथेच लिहिते.

हो, सरकारी शिक्षणात मी हेच काम करते. कार्डावर पद भारदस्त आहे. कामाचा दिवस सुरू होतो कात्रणांनी. कुठल्या पेपरात काय छापून आलं, त्यावर खुलासा पाठवायचा का, साहेबांना बाइट द्यायचा का, सुट्टीचं जे पत्र फिरतंय ते खरं की मागच्या वर्षीचं तारीख बदललेलं. दोन वर्षांपूर्वी, २५ जुलै २०२४ ला, पुण्यात सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं त्या सकाळी फोन कसे वाजत होते ते मलाच माहीत. आणि फोटो. हो बाबा, फोटोही टाकतो. पाहुणे, शाल, श्रीफळ, मागे रांगेत उभी केलेली पोरं. मलाही ते आवडत नाही.

पण माझं काम म्हणजे तेवढंच, असं जो म्हणतो त्याला मला त्या ताईंबद्दल सांगायचंय.

पर्वतीच्या जनता वसाहतीत राहतात. सहकारनगरमध्ये दोन-तीन घरी पोळ्यांना जातात. २०२४ साली त्यांची मुलगी पहिलीत जायची होती. आरटीईचा फॉर्म भरायचा होता, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांत गरीब आणि वंचित मुलांसाठी ज्या २५ टक्के जागा मोफत असतात त्यांचा. तुमच्यापैकी कितीजणांना ते वर्ष आठवतंय? ९ फेब्रुवारीला सरकारने नियम बदलला. खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्के जागांतून सूट. पुण्यासारख्या शहरात एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही अशा खासगी शाळा शोधा बघू! ताईंनी एप्रिलमध्ये सायबरवाल्याकडे जाऊन फॉर्म भरला. ६ मे ला हायकोर्टाने स्थगिती दिली. फॉर्म पुन्हा भरा. ताई परत सायबरवाल्याकडे. फॉर्म फुकट असतो, सायबरवाला फुकट नसतो. शाळा जूनमध्ये सुरू झाल्या. १९ जुलैला कोर्टाने तो नियम रद्दच केला आणि त्यानंतर याद्या लागल्या.

ताईंच्या मुलीचं नाव यादीत होतं. मेसेज गेला. आणि त्या आठवड्यात ताईंचं रिचार्ज संपलेलं होतं.

त्या कार्यालयात आल्या तेव्हा मुदतवाढसुद्धा उलटून गेली होती. हातात प्लास्टिकच्या पिशवीत उत्पन्नाचा दाखला, जन्माचा दाखला, भाडेकरार, सगळं लावून ठेवलेलं. टेबलावरच्या माणसाने (वाईट नाही तो, मी ओळखते त्याला) संगणकात बघून सांगितलं, मेसेज गेलेला आहे. पोर्टलवर पण यादी होती. वेळोवेळी पोर्टल पाहावं, नुसत्या मेसेजवर विसंबून राहू नये, अशी सूचनाही दिलेली होती. प्रत्येक गोष्ट खरी. फाइल एकदम स्वच्छ. ताई काहीच बोलल्या नाहीत, पिशवीची गाठ मारली आणि गेल्या.

तर मित्रा, ही माझी नोकरी आहे. ही फाइल आणि ती पिशवी यांच्या मधली जागा. तिथे छप्पर घालून उपयोग नाही.

आमच्याकडे आदेश खाली कसा जातो ते माहितीये? आयुक्तालयातून शिक्षणाधिकारी, तिथून गटशिक्षणाधिकारी, तिथून केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक, मग वर्गशिक्षक, आणि मग उरलाच तर पालक. प्रत्येक पायरीवर तोच पीडीएफ पुढे ढकलला जातो. वर "संदर्भ १ ते ७", खाली सही, आणि पालकाने नेमकं काय करायचं ते तिसऱ्या पानावर. त्या पीडीएफच्या जागी चार ओळी लिहाव्यात, मोठ्या अक्षरात, तारीख सर्वात वर, आणि त्या शाळेच्या फाटकावर चिकटवाव्यात, एवढ्यासाठी मी किती टिपण्या लिहिल्यात आणि त्या किती टेबलांवरून फिरून आल्यात, ते सांगत बसत नाही. "याची गरज काय, आदेश निघालाय ना" असा शेरा येतो. वर बसलेले लोक शिकलेले आहेत, सज्जन आहेत, पण रिचार्ज संपणं ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात होत नाही.

मागच्या वर्षीचं हिंदीचं प्रकरण घ्या. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा १६ एप्रिल २०२५ चा आदेश, मग १७ जूनचा सुधारित, मग २९ जूनला दोन्ही मागे. बरं झालं मागे घेतले, त्यावर आपल्यात कुणाचं दुमत असेल असं मला वाटत नाही. पण त्या अडीच महिन्यांत पहिलीच्या पालकांनी शाळेत जाऊन विचारलं, "आमच्या पोराला नक्की काय शिकवणार?", तेव्हा बाईंनी काय सांगायचं होतं? टीव्हीवर सगळे बोलत होते. फाटकाशी मात्र त्या बाई एकट्या.

छपराचं मान्य. गळतं ते गळतं, आणि गळतंय हे झाकायला माझ्यासारख्यांना वापरलं जातं, हेही होतं. झालं समाधान?

आता थोडी शांत झालेय. चहा घेतला.

खरं तर मला त्या मित्राचा राग यासाठी आला की ३ जानेवारीला याच्या डीपीवर सावित्रीबाई असतात. दरवर्षी. "१८४८, भिडे वाडा, मुलींची पहिली शाळा" वगैरे. आपण सगळेच लावतो, मीही लावते. पण आपल्यापैकी एकाचंही मूल महापालिकेच्या शाळेत नाही. माझंही नव्हतं. त्या शाळांबद्दल आपल्याला जे काही माहीत आहे ते रीलमधून. एक तर छप्पर गळतंय, नाहीतर एखाद्या गुरुजींना बक्षीस मिळालंय. २०२० ला सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा याच ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस होता. या दोन टोकांच्या मधे लाखो मुलं रोज डबा घेऊन शाळेत जातात, त्याचं रील होत नाही.

ताईंची मुलगी त्यातलीच. खासगी शाळा हुकली म्हणून जवळच्या महापालिकेच्या शाळेत घातली. ताई मला मध्यंतरी भेटल्या, लक्ष्मीनारायण टॉकीजजवळ, बससाठी उभ्या होत्या. मीच विचारलं. मला वाटलं, आता तक्रार ऐकावी लागणार. तर म्हणाल्या, "बाई चांगल्या आहेत हो. पोरगी मला दुकानाच्या पाट्या वाचून दाखवते." आणि मग हळूच, "तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं, हीपण शाळा बरी आहे म्हणून. उगाच दोनदा सायबरवाल्याला पैसे दिले."

हे ऐकून मी काय बोलणार? यादीत नाव लागलं हे त्यांना कळलं नाही, आणि घराजवळची शाळा चांगली आहे हेही कळलं नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी. (आणि हो, म्हणून हुकलेला प्रवेश माफ होत नाही. तो तिचा हक्क होता. उगाच कुणी कमेंटमध्ये "बघा, सरकारी शाळाच बऱ्या" सुरू करू नका.)

एक काम करा. तुमच्या घरी पोळ्यांना, धुण्याभांड्यांना, गाडी पुसायला जे येतात, त्यांच्या घरात पुढच्या जूनला पहिलीत जाणारं मूल आहे का ते विचारा. असेल तर उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आत्तापासून काढायला सांगा, शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. फॉर्म सुरू झाले की शेजारी बसून भरा, नकाशावर घराची खूण नीट लावा, दोन बोटं सरकली तर अंतर बदलतं. मोबाइल नंबर त्यांचा द्या, आणि लॉगिनचा कागद तुमच्या फ्रिजवर पण लावा. यादी तुम्ही बघा. आणि जवळची महापालिकेची शाळा एकदा आत जाऊन बघून या, त्यांच्याबरोबर.

अडलं तर मला इनबॉक्स करा. संध्याकाळी सातनंतर, दिवसा मी खुलासे लिहीत असते.