बेरा तपासणीत बाळाला करंट देत नाहीत
बेरा म्हणजे बाळाला नीट ऐकू येतं का, हे पाहण्याची तपासणी. ‘बेरा टेस्टमध्ये बाळाच्या डोक्याला करंट देतात, मेंदूवर परिणाम होतो’ असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. कपाळावर आणि कानांमागे लावलेल्या तारा वीज सोडत नाहीत, फक्त टिपतात. कानात जातो तो नुसता ‘टक् टक्’ आवाज. त्यावर श्रवणनस आणि मेंदूचा खालचा भाग पहिल्या 10 मिलिसेकंदांत देतात तो प्रतिसाद एका मायक्रोव्होल्टहूनही (व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही) कमी असतो. म्हणूनच हजारेक वेळा आवाज देऊन सरासरी काढतात आणि बाळ गाढ झोपलेलं लागतं. तारा लावण्याआधी कातडी जेलने घासतात, त्याने ती जराशी लाल दिसते. तो चटका नव्हे! झोपेच्या औषधाबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, पण असल्या मेसेजपायी तपासणी लांबवू नका. ऐकण्यातल्या दोषाचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत व्हायला हवं.