व्हिप, प्रतोद आणि बार्शीकराची वही

पुण्यात पेरूगेटजवळच्या चहाच्या टपरीशेजारी आमचा कट्टा आहे आणि अभ्यासिकेतून मंडळी बाहेर पडली की रात्री साडेनऊच्या सुमारास तो भरतो. परवा तिथे वाद पेटला तो बार्शीकराच्या वहीवरून. बँकेच्या परीक्षेसाठी तो रोज एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख वाचतो, शक्यतो राजकारणावरचा, आणि अनोळखी शब्द दोनशे पानी वहीत उतरवतो. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात मराठी अर्थ. चार महिन्यांत वही भरत आली, पण उजवा रकाना हाताने झाकला की निम्मे शब्दही आठवत नाहीत, अशी त्याची तक्रार होती.

आमच्यातला एक जण न्यायालयीन सेवेची तयारी करतो, म्हणून त्याला सगळे वकील म्हणतात. त्याने वही चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवले. तिथे ‘डिफेक्ट’ या शब्दापुढे ‘दोष’ असे लिहिले होते. मूळ वाक्य मात्र पक्ष सोडून गेलेल्या आमदारांविषयी होते.

“अरे, इथे हे क्रियापद आहे. पक्षांतर करणे असा त्याचा अर्थ होतो आणि उच्चारही बदलतो. दोष म्हणायचा असेल तर आघात शब्दाच्या सुरुवातीला येतो, पक्षांतर म्हणायचे असेल तर पुढच्या भागावर. तू पूर्ण वाक्य उतरवले असतेस, तर ही चूक तुझी तुलाच दिसली असती.”

“परीक्षा दीड महिन्यावर आली आहे,” बार्शीकर म्हणाला. “गाळलेल्या जागांच्या उताऱ्यात एका शब्दासाठी मोजून काही सेकंद मिळतात. वाक्ये लिहीत बसलो तर अभ्यास कधी करू?” त्याची घाई खरी होती. घरून येणाऱ्या पैशांवर पुण्यात राहणाऱ्या मुलाला प्रत्येक महिना मोजावा लागतो, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

तरीही मला वकिलाचे म्हणणे पटले आणि मी त्यात भर घातली. राजकारणावरच्या अग्रलेखाचा मराठी वाचकाला मोठा फायदा असा, की त्यातली हकिगत त्याला आधीच माहीत असते. ‘व्हिप’ हाच शब्द घ्या. इंग्लंडमध्ये कोल्ह्याच्या शिकारीत भरकटणाऱ्या कुत्र्यांना चाबकाच्या धाकाने कळपात राखणारा एक माणूस असे. त्याच्यावरून संसदेत आपल्या सदस्यांना एकत्र राखणाऱ्याला हे नाव पडले. आपण त्याला प्रतोद म्हणतो आणि प्रतोद म्हणजेही चाबूकच. फरक एवढाच, की इंग्रजीत माणूस आणि त्याने काढलेला आदेश या दोन्हींना व्हिप म्हणतात, तर मराठीत आदेशासाठी ‘पक्षादेश’ हा वेगळा शब्द आहे. हे कळले की शब्द पाठ करावा लागत नाही.

शिवसेनेतील फुटीवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ११ मे २०२३ रोजी जो निकाल दिला, तो वकिलाला तोंडपाठ आहे. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा, म्हणजे सभागृहातल्या आमदारांच्या गटाचा नसून राजकीय पक्षाचा आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. राज्यपालांनी बहुमत चाचणी घ्यायला सांगणे न्यायालयाने अयोग्य ठरवले, पण उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरे न जाताच राजीनामा दिल्यामुळे पूर्वस्थिती आणता येणार नाही, असेही स्पष्ट केले. “या एका निकालावरचा अग्रलेख नीट वाचलास,” वकील म्हणाला, “तर फ्लोअर टेस्ट, डिस्क्वालिफिकेशन, स्प्लिट आणि मर्जर हे शब्द एकमेकांच्या आधाराने लक्षात राहतात. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, एक तृतीयांश सदस्यांच्या फुटीला जे संरक्षण होते, ते २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकले. दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचे मात्र राहिले. म्हणून स्प्लिटच्या जागी मर्जर लिहून चालत नाही.”

मास्तर इतका वेळ गप्प होते. ते कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतात आणि आमच्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे आहेत. त्यांचा आक्षेप वेगळा होता. महाराष्ट्रात २०२४ मध्ये पात्र महिलांना दरमहा १,५०० रुपये देणारी लाडकी बहीण योजना आली, तेव्हा एकाच मदतीला कुणी वेलफेअर म्हटले, कुणी फ्रीबी, तर कुणी सॉप. वहीत या तिन्ही शब्दांपुढे ‘सरकारी मदत’ असा अर्थ लिहिला, तर तो लिहिणाऱ्याची बाजू पुसून टाकतो. ‘कल्याणकारी योजना’, ‘खैरात’ आणि ‘मतांसाठीचे आमिष’ यांत मराठीत जेवढे अंतर आहे, तेवढेच तिथेही आहे. अग्रलेख हे मत असते, त्यामुळे शब्दाबरोबर लेखकाचा कलही नकळत आपल्या तोंडी बसतो, याची मास्तरांना काळजी वाटते. म्हणून आधी त्याच विषयाची साधी बातमी वाचावी आणि मग अग्रलेख, असे ते सांगतात. मला हा क्रम योग्य वाटतो, कारण बातमीतला शब्द आणि अग्रलेखातला शब्द शेजारी ठेवले की लेखकाने वजन कुठे टाकले ते दिसते.

मग मास्तरांनी बार्शीकराला इंग्रजीत दोन प्रश्न विचारले. त्रिशंकू विधानसभा म्हणजे काय, हे त्याने चार वाक्यांत चांगले सांगितले. दुसरा प्रश्न त्याच्या गावात उन्हाळ्यात पाणी कसे येते, असा होता. टँकर हा शब्द त्याच्याकडे होता. विहीर आटली, हंडे रांगेत लावले, पाळी चुकली, यांपैकी काहीच त्याला इंग्रजीत सांगता येईना. आम्ही सगळेच थोडा वेळ शांत झालो, कारण आमच्यापैकी कुणालाही ते सहज आले नसते.

“मास्तर, हे अग्रलेखात मिळणार नाही,” बार्शीकर म्हणाला.

“जिल्ह्याच्या बातम्यांच्या पानावर मिळेल. उद्या ते पान घेऊन ये,” मास्तर म्हणाले. बार्शीकराने वही उघडली, दोन रकान्यांमधली उभी रेघ खोडली आणि ‘डिफेक्ट’च्या खाली अग्रलेखातले ते वाक्य पूर्ण उतरवून घेतले.